जपानहून आलेली वापरलेली गाडी न्यूझीलंडमध्ये घेताना

न्यूझीलंडला येऊन थोडे दिवस झाले, बसचं वेळापत्रक पाठ झालं आणि ओळखीच्या लोकांकडे लिफ्ट मागायचा संकोच वाटू लागला की माणूस ट्रेड मी ही इथली खरेदी-विक्रीची वेबसाइट उघडतो. तिथे कोरोला, सिव्हिक ही नावं ओळखीची वाटतात. पण त्यांच्या बाजूलाच डेमिओ, अ‍ॅक्सेला, विट्झ, अ‍ॅक्वा, टीडा, विश अशी रांग लागलेली असते. या गाड्या जपानात, जपानी गिऱ्हाइकासाठी विकल्या गेल्या, काही वर्षं तिथे चालल्या आणि मग जहाजात बसून इथे आल्या. डेमिओ म्हणजे बाहेरच्या जगातली माझदा २, अ‍ॅक्सेला म्हणजे माझदा ३, विट्झ म्हणजे यारिस, फिट म्हणजे जॅझ आणि अ‍ॅक्वा म्हणजे प्रियस सी. परीक्षणं किंवा सुट्या भागांच्या किमती शोधताना दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर अर्धी माहिती हाती लागत नाही.

या गाड्या इतक्या का दिसतात? जपानातही वाहतूक डाव्या बाजूनं आणि स्टिअरिंग उजवीकडे. शिवाय तिथे नव्या गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी, नंतर दर दोन वर्षांनी होते आणि ती खर्चिक असते. गाडी जुनी होऊ लागली की तपासणीवर पैसे घालण्यापेक्षा ती विकून नवी घेणं तिथल्या अनेकांना परवडतं. इकडे न्यूझीलंडमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस आयात सैल झाली, १९९८ मध्ये गाड्यांवरचं आयात शुल्क गेलं आणि गाड्या जोडणारे उरलेसुरले कारखानेही त्याच वर्षी बंद झाले. तेव्हापासून हा देश बऱ्याच अंशी जपानच्या जुन्या गाड्यांवर चालतो. ‘जपानी इम्पोर्ट’ ऐकून नाक मुरडायचं कारण नाही.

पण अशा गाडीची दोन आयुष्यं असतात. पहिलं जपानातलं, दुसरं इथलं. दुसऱ्या आयुष्याची नोंद सरकारी संगणकात असते आणि ती कुणालाही बघता येते. पहिल्याची नोंद जपानी भाषेतल्या दोन-चार कागदांत आणि दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या एखाद्या स्टिकरवर उरलेली असते. दोन्हीकडचे आकडे एकमेकांशी जुळतात का, हे बघणं म्हणजेच अशी गाडी निवडणं. रंग, अलॉय, सीट कव्हर वगैरे त्यानंतर.

आधी कुठल्या गटातली गाडी, ते ठरवा

जाहिरातीत तीन प्रकार दिसतील. ‘एनझेड न्यू’ म्हणजे कंपनीनं इथेच नवी विकलेली. तिचा सगळा इतिहास इथला, म्हणून ती महाग. ‘फ्रेश इम्पोर्ट’ म्हणजे नुकतीच जहाजातून उतरलेली, इथे अजून कुणाच्या नावावर न झालेली. आणि तिसरा प्रकार, ज्याला खास नाव नाही: काही वर्षांपूर्वी आयात झालेली आणि इथल्या एक-दोन मालकांनी वापरलेली.

नवख्या माणसाला मी हा तिसरा प्रकार सुचवतो, बहुतेकांचा कल मात्र पहिल्या पाहणीतच फ्रेश इम्पोर्टकडे जातो. ती धुऊन-पुसून चकचकीत केलेली असते, आत अजून जपानी स्वच्छतेचा वास असतो. पण तिच्याबद्दल इथल्या कुणालाच काही माहीत नसतं, विकणाऱ्यालाही फारसं नाही. याउलट तीन वर्षं इथे चाललेल्या गाडीच्या प्रत्येक तपासणीचं मीटर वाचन नोंदवलेलं असतं, बारीकसारीक दुखणी वर आलेली असतात आणि रेडिओ-बिडिओची भानगड आधीच्या मालकानं निस्तरलेली असते. फ्रेश इम्पोर्टची एक बाजू मात्र भक्कम आहे: ती डीलरकडूनच मिळते, आणि डीलरकडून घेण्याला इथल्या कायद्याचं चांगलं पाठबळ आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

घरबसल्या, नंबर प्लेटवरून

गाडी बघायला जाण्याआधी विक्रेत्याकडून नंबर प्लेट मागून घ्या. जाहिरातीत प्लेट झाकली असेल आणि विचारल्यावरही देत नसेल, तर पुढची गाडी बघा.

कारजॅमसारख्या, गाडीचा इतिहास दाखवणाऱ्या ऑनलाइन सेवेवर प्लेट टाकली की बरंच काही समोर येतं. थोडे पैसे भरून सविस्तर अहवाल घ्या. यातला पहिला मुद्दा गाडीवर कर्ज आहे का, हा. खासगी विक्रेत्याकडून कर्ज असलेली गाडी घेतली, तर कर्ज देणारी कंपनी ती तुमच्या दारातून उचलून नेऊ शकते आणि तुमचे पैसे तुम्ही विक्रेत्याकडून वसूल करत बसायचं. हीच माहिती सरकारच्या तारण नोंदवहीतही, म्हणजे पीपीएसआरवर, नाममात्र शुल्कात मिळते. डीलरला वेगळे नियम लागू आहेत, खासगी व्यवहारात मात्र ही पायरी गाळू नका.

दुसरा मुद्दा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. जपानात देशांतर्गत विकलेल्या गाड्यांना १७ अंकी व्हीआयएन नसतो, छोटा फ्रेम नंबर असतो: आधी मॉडेलचा कोड, मग एक आडवी रेघ, मग अनुक्रमांक. म्हणून अशा गाड्यांना न्यूझीलंडमध्ये आल्यावर इथला व्हीआयएन दिला जातो आणि तो ७ए८ किंवा ७एटी या अक्षरांनी सुरू होतो. ‘एनझेड न्यू’ म्हणून जाहिरात केलेल्या गाडीचा व्हीआयएन ७ए८ने सुरू होत असेल, तर संभाषण तिथेच संपवायला हरकत नाही. अहवालात मूळ फ्रेम नंबरही असतो. तो लिहून घ्या, गाडीसमोर उभं राहिल्यावर लागेल.

तिसरा मुद्दा ‘इम्पोर्टेड डॅमेज्ड’ हा शेरा. सीमेवर तपासणीत अपघाताची, पाण्याची किंवा गंजाची खूण आढळली की गाडीवर हा शेरा बसतो आणि प्रमाणित दुरुस्ती झाल्याशिवाय ती रस्त्यावर येत नाही. शेरा असलेली प्रत्येक गाडी टाकाऊ नसते. दुरुस्ती नीट झालेली असेल, कागद असतील आणि किंमत त्या मानानं उतरलेली असेल, तर विचार करता येतो. तुमची पहिलीच गाडी असेल तर करू नका. तसंच गाडी मध्येच रजिस्टरमधून काढून पुन्हा नोंदवलेली दिसली, तर का, ते विचारा. बऱ्याचदा त्यामागे विमा कंपनीनं निकालात काढलेली गाडी असते. जानेवारी २०२३ मधला ऑकलंडचा पूर आणि पाठोपाठ फेब्रुवारीत आलेलं गॅब्रिएल चक्रीवादळ यांत कितीतरी गाड्या बुडाल्या. त्या काळाच्या आसपास नोंदीत खंड असेल, तर जास्त बारकाईनं बघा.

चौथा मुद्दा मीटर वाचनं. ‘वॉफ’, म्हणजे वॉरंट ऑफ फिटनेस या सक्तीच्या तपासणीच्या वेळी दर खेपेला किलोमीटर नोंदले जातात. आकडे चढते हवेत आणि चढ पटण्यासारखा हवा. वर्षाला बारा हजार धावणारी गाडी एका वर्षी अचानक आठशेच धावली असेल, तर ती त्या काळात गॅरेजमध्ये पडून होती की आणखी काही, हे विचारावं लागतं.

डिझेल, पूर्ण इलेक्ट्रिक आणि प्लग-इन हायब्रिड गाड्यांसाठी अजून एक नोंद बघायची असते: रोड यूजर चार्जेस, म्हणजे आरयूसी. हे दर हजार किलोमीटरच्या हिशोबानं आगाऊ विकत घ्यायचे असतात. इलेक्ट्रिक आणि प्लग-इन गाड्यांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. आरयूसी किती किलोमीटरपर्यंत भरलंय आणि मीटर कुठे आहे, हे ताडून बघा. थकबाकी असली, तर गाडी ताब्यात घेण्याआधी विक्रेत्याकडूनच भरून घ्या. अ‍ॅक्वा, साधी प्रियस अशा पेट्रोल हायब्रिडना आरयूसी नाही, त्यांचा रस्ता कर पेट्रोलच्या भावातच येतो.

जपानातले कागद

जपानातली बहुतेक निर्यात लिलावातून होते. लिलावघराचा तपासनीस प्रत्येक गाडीचा एक पानाचा तक्ता भरतो, त्याला ऑक्शन शीट म्हणतात. डीलरकडे ती मागा. गाडी त्यानंच आणली असेल, तर त्याच्याकडे असायलाच हवी. ‘हरवली’, ‘आम्हाला मिळत नाही’ अशी उत्तरं आली की मी ती गाडी यादीत खाली ढकलतो.

शीटच्या कोपऱ्यात एकूण दर्जा असतो. ४ किंवा ४.५ म्हणजे वापरलेली पण चांगली, ३.५ म्हणजे बाहेरून ओरखडे-पोचे असलेली, आणि आर किंवा आरए म्हणजे अपघातानंतर सांगाड्याचा भाग दुरुस्त केलेली किंवा बदललेली. आतल्या भागाला ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी असते. खाली गाडीची वरून दिसणारी आकृती असते आणि तिच्यावर बारीक अक्षरं लिहिलेली असतात: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे पूर्वी दुरुस्त करून रंगवलेला पत्रा, एस म्हणजे गंज, डबल एक्स म्हणजे बदललेला भाग. अक्षरापुढचा १, २, ३ हा आकडा ते किती मोठं आहे ते सांगतो. दारावर ए१ किंवा यू१ असणं अगदी किरकोळ आहे. बॉनेटवर डबल एक्स आणि पुढच्या दोन्ही मडगार्डांवर डब्ल्यू असेल, तर गाडीनं समोरून कुठेतरी डोकं आपटलंय. तपासनिसानं हातानं लिहिलेला जपानी मजकूर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून भाषांतरित होतो, वाचण्यापुरता.

शीटचा नुसता फोटो दाखवला, तर त्यावरचा फ्रेम नंबर आणि किलोमीटर तुमच्या अहवालाशी जुळवा. चांगल्या गाडीची शीट दुसऱ्याच गाडीबरोबर दाखवणं अवघड नसतं.

दुसरा कागद निर्यात प्रमाणपत्र. त्यात पहिल्या नोंदणीचा महिना-वर्ष आणि जपानातल्या तपासणीच्या वेळचं मीटर वाचन असतं. तारखा जपानी राजवटीच्या वर्षांत असू शकतात. हेइसेई वर्षात १९८८ मिळवायचे, रेइवा वर्षात २०१८ मिळवायचे. हेइसेई २५ म्हणजे २०१३, रेइवा २ म्हणजे २०२०. हे गणित लक्षात ठेवा, गाडीजवळ लगेच कामाला येतं.

गाडीसमोर उभं राहिल्यावर

दिवसाउजेडी जा, पाऊस नको. विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन गार असू दे. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. कोमट लागलं तर कारण विचारा.

पहिलं काम फ्रेम नंबर. तो इंजिनामागच्या पत्र्यावर कोरलेला असतो किंवा पुढच्या सीटच्या पायाशी कार्पेटमध्ये कापलेल्या छोट्या झाकणाखाली. अहवालातल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे.

मग ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडा आणि चौकट बघा. जपानातली गॅरेजं ऑइल बदललं की तिथे छोटं स्टिकर लावतात: ऑइल कधी बदललं किंवा पुढे कधी बदलायचं त्याची तारीख आणि किलोमीटर. आयात करणारे गाडी धुतात, पॉलिश करतात, पण हे स्टिकर बरेचदा तसंच राहून जातं. समजा तिथे वर्ष २९, महिना ६ आणि ६१,००० लिहिलंय. २९ म्हणजे हेइसेई २९, म्हणजे जून २०१७. पुढच्या बदलाचा आकडा असला तरी गाडी तेव्हा साधारण ५५ ते ६० हजारांच्या घरात होती. आता जाहिरात म्हणत असेल की गाडी २०१९ मध्ये ४२ हजारांवर आयात झाली, तर ही गाडी सोडून द्यायची. स्टिकर फिका झाला असेल तर फोटो काढून, मोठा करून वाचा. टायमिंग बेल्टच्या गाड्यांत बेल्ट बदलल्याचं असंच स्टिकर इंजिनाच्या कप्प्यात असतं. ग्लव्ह बॉक्समध्ये मूळ सर्व्हिसची वही सापडली तर सोनंच. तिच्यातल्या तारखा आणि आकडे भाषा न कळता वाचता येतात.

एकदा एका ओळखीच्या जोडप्याबरोबर होंडा फिट बघायला गेलो होतो. तो नवा टायर बघून खूश होता, ती मागच्या सीटवर बसून पट्टा ओढत होती. पूर्ण बाहेर ओढल्यावर पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर तपकिरी रेघ दिसली. विक्रेता म्हणाला, “मुलाचा चहा सांडला असेल.” चहा पट्ट्याच्या गुंडाळीत इतका आत जात नाही. पुराच्या गाडीत असंच बघायचं: पट्टे पूर्ण ओढून, सीटच्या रुळांवर गंज किंवा गाळ, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात ओल, आणि खिडक्या बंद ठेवून एसी लावल्यावर कुबट वास.

गंजासाठी खाली वाका. होक्काइदोसारख्या बर्फाळ भागांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीचं बूड खातं. वरून आरशासारखी दिसणारी गाडी खालून तांबूस पापुद्र्यांची असू शकते. एक्झॉस्टवर थोडा गंज चालतो. सस्पेन्शन जिथे सांगाड्याला जोडलंय तिथे पापुद्रे सुटत असतील, तर नाही.

टायरच्या कडेवरचा चार अंकी आकडा बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी धावलेल्या जपानी गाड्यांत ही गंमत नेहमी दिसते: टायरची नक्षी भरपूर उरलेली, वॉफला लागणाऱ्या किमान १.५ मिलिमीटरच्या कितीतरी वर, पण रबर इतकं जुनं आणि कडक की ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की गाडी घसरते. चार टायरचा खर्च मनातल्या किमतीत धरा.

कमी किलोमीटरनं एरवीही भुलू नका. शहरात सिग्नल ते सिग्नल, घर ते स्टेशन अशी धावलेली ४० हजारांची गाडी आणि महामार्गावर रमतगमत धावलेली ९० हजारांची गाडी यांत मी दुसरी घेईन, ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर.

चावी फिरवा, मग चालवा

चावी ऑनवर केल्यावर एअरबॅग आणि एबीएसचे दिवे पेटून काही सेकंदांत विझले पाहिजेत. विझले नाहीत तर बिघाड. मुळात पेटलेच नाहीत तर त्याहून वाईट, कारण कुणीतरी दिवाच बंद केला असण्याची शक्यता आहे. अशी गाडी वॉफमध्येही नापास होते.

गार इंजिन सुरू करून आवाज ऐका, मागे धूर बघा. मग निदान अर्धा तास चालवा, ज्यात चढ, वळणं आणि थोडा मोटरवे येईल असा रस्ता निवडा. यातल्या बऱ्याच गाड्यांत सीव्हीटी गिअरबॉक्स असतो, म्हणजे ठरावीक गिअरच्या पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक. थांबलेल्या गाडीला हळुवार अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर ती थरथरली किंवा इंजिन ओरडतंय पण गाडी मागे रेंगाळतेय असं झालं, तर सोडा. सीव्हीटी बदलायचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या आसपास जाऊ शकतो. ‘आयुष्यभर ऑइल बदलायची गरज नाही’ असं विक्रेता सांगेल, त्यावर विसंबू नका. सीव्हीटीचं खास ऑइल कधी बदललं, ते विचारा.

हायब्रिडमध्ये बॅटरीला हवा देणाऱ्या पंख्याची जाळी मागच्या सीटच्या बाजूला असते. ती धुळीनं, कुत्र्याच्या केसांनी भरलेली असेल, तर बॅटरी तापत राहिली असणार. २००९ ते २०१५ या पिढीच्या प्रियसमध्ये ईजीआर, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा वायू इंजिनात परत नेणारी नळी-झडप, चोंदणं आणि त्यातून हेड गास्केट जाणं ही ओळखीची कहाणी आहे. गार इंजिन सुरू होताना गाडी खडखडली तर मेकॅनिकला तेच आधी बघायला सांगा. २०१३-१४ च्या फिट हायब्रिडला गिअरबॉक्ससाठी जपानात एकामागून एक रिकॉल (दोष सुधारायला कंपनीनं गाड्या परत बोलावणं) झाले होते, ती कामं झाली का ते विचारा.

निसान लीफ ही इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांसाठी मीटर वाचनापेक्षा बॅटरीच्या कांड्या महत्त्वाच्या. डॅशबोर्डच्या उजव्या कडेला बारा छोट्या कांड्या असतात, बॅटरी झिजेल तशा त्या जातात. कांड्या पुसून पुन्हा भरलेल्या दाखवता येतात, म्हणून बॅटरीची खरी अवस्था दाखवणारं लीफस्पाय अ‍ॅप आणि एक स्वस्त ब्लूटूथ डोंगल घेऊन जा, किंवा ज्याच्याकडे आहे अशा ओळखीच्याला न्या.

जपानी गाडीच्या खास कुरबुरी

रेडिओ: जपानचा एफएम पट्टा ७६ ते ९५ मेगाहर्ट्झ, इथली स्टेशनं ८८ ते १०८ मध्ये. बँड एक्सपांडर नावाचा छोटा डबा लावून काम भागतं, पण नवा स्टिरिओ घेतलेला बरा. नेव्हिगेशनचे नकाशे जपानचे आणि सूचना जपानी. काही यंत्रं बॅटरी काढली की पासवर्ड किंवा एसडी कार्ड मागतात आणि मग नुसता काळा पडदा. रिव्हर्स कॅमेरा त्याच पडद्यावर असेल, तर तोही गेला.

पेट्रोल: इंधनाच्या झाकणाच्या आत जपानी स्टिकर असेल, तर कॅमेऱ्यानं वाचा. जपानात साधं पेट्रोल साधारण ९० ऑक्टेनचं आणि ‘हाय-ऑक’ १०० च्या आसपास. हाय-ऑकची गाडी इथे ९१ वर चालवू नका, ९५ किंवा ९८ भरावं लागेल. टर्बो आणि महागड्या गाड्यांत हे नक्की बघा, दर आठवड्याच्या खर्चात फरक पडतो.

लहान मूल असेल, तर हे कृपया वाचा. इथे वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच पुढे तोंड असलेल्या चाइल्ड सीटना वरून एक पट्टा मागे बांधावा लागतो, आणि जुन्या जपानी गाड्यांत त्यासाठीचा बोल्ट कधी कधी बसवलेलाच नसतो. आयसोफिक्स, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायच्या तयार कड्या, आहेत म्हणून हाही असेल, असं नाही. तुमची सीट घेऊन जा, प्रत्यक्ष बसवून बघा. बोल्ट बसवता येत असेल, तर ते काम प्रशिक्षित चाइल्ड रिस्ट्रेंट टेक्निशियनकडून करून घ्या.

आणि चोरी. अ‍ॅक्वा आणि डेमिओ या इथल्या सर्वाधिक चोरी होणाऱ्या गाड्यांत गणल्या जातात. जपानी बाजारातल्या अनेक गाड्यांना इमोबिलायझर, म्हणजे खऱ्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, नसतो, हे त्यामागचं एक कारण. विमा कंपनीला गाडी घेण्याआधी फोन करा, मॉडेल सांगा आणि अटी विचारा. स्टिअरिंगचं कुलूप फारसं महाग नाही, आणि लांबून दिसतं हाच त्याचा उपयोग.

मेकॅनिककडे

वॉफ नवा आहे, मग आणखी तपासणी कशाला, असा प्रश्न येतो. वॉफमध्ये ब्रेक, दिवे, टायर, पट्टे, गंज अशा सुरक्षेच्या गोष्टी बघतात. इंजिन किती दिवस टिकेल, गिअरबॉक्स कसा आहे, हे त्यात येत नाही. म्हणून विक्रीपूर्व तपासणी तुमच्या पैशानं, तुम्ही निवडलेल्या जागी करा: एए (इथली वाहनचालकांची संस्था), व्हीटीएनझेड (गाड्या तपासणारी कंपनी) किंवा एखादं स्वतंत्र गॅरेज. हायब्रिड असेल, तर त्याचं काम करणारं गॅरेज निवडा. विक्रेता स्वतःचा तपासणी अहवाल पुढे करेल, तो घ्या, वाचा, पण त्यावर थांबू नका. तपासणीला गाडी द्यायला कुरकुर करणाऱ्या माणसाकडून गाडी घेऊ नये.

कुणाकडून आणि कुठल्या कागदांवर

नोंदणीकृत डीलरकडून घेतली, तर कन्झ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्टचं संरक्षण मिळतं: घरगुती वापरासाठी घेतलेली गाडी वाजवी दर्जाची निघाली नाही, तर डीलरनं ती दुरुस्त करावी, बदलावी किंवा पैसे द्यावेत. वाद वाढलाच, तर मोटर व्हेइकल डिस्प्युट्स ट्रायब्युनलमध्ये एक लाख डॉलरपर्यंतचा दावा नेता येतो. डीलर नोंदणीकृत आहे का, ते मोटर व्हेइकल ट्रेडर्स रजिस्टरमध्ये आधीच बघून ठेवा. खासगी विक्रीला हा कायदा लागू नाही. तिथे विक्रेत्यानं खोटं सांगितलं हे तुम्हाला दाखवता आलं तरच काही हाती लागतं. म्हणून त्याची उत्तरं बोलण्यात न घेता मेसेजवर घ्या: अपघात झालाय का, मीटर खरं आहे का, कर्ज आहे का.

डीलरच्या प्रत्येक गाडीत सीआयएन (ग्राहक माहिती पत्रक) नावाचा कागद लावलेला असलाच पाहिजे. त्यात किंमत, वर्ष, मीटर वाचन, गाडी नुकसानीसह आयात झाली होती का, कर्ज आहे का, हे सगळं असतं. त्याची प्रत तुम्हाला मिळते आणि मिळाल्याची सही तुम्ही करता. सही करण्याआधी तोच मजकूर तुमच्या अहवालाशी ताडा. अधूनमधून ‘मित्राची गाडी विकतोय’ म्हणणारा, पण अंगणात आणखी चार गाड्या उभ्या असलेला माणूस भेटतो. तो न नोंदवलेला डीलर असण्याची शक्यता मोठी. अशा व्यवहारात डीलरची किंमत मोजून खासगी विक्रीची जोखीम मात्र तुमच्या पदरी पडते.

विकलेली गाडी ताब्यात देताना तिचा वॉफ एका महिन्याच्या आतला हवा, असा नियम आहे. ‘अ‍ॅज इज, व्हेअर इज’ असं लिहून घेऊन विक्रेता यातून सुटू शकतो; त्या ओळीखाली सही करण्याआधी गाडी वॉफला का पाठवली नाही, ते समजून घ्या.

किंमत घासताना आपल्या सवयीप्रमाणे थेट निम्म्यावर उतरू नका, इथे त्यानं बोलणंच तुटतं. टायर, सीव्हीटी ऑइल, दुसरी चावी असा एकेक मुद्दा खर्चासह मांडा. डीलरची जाहिरातीतली किंमत ‘ऑन रोड’ आहे का, की रेगो (रस्त्यावर चालवण्याची नोंदणी फी) आणि वॉफचे पैसे वेगळे, तेही विचारा. पैसे बँकेतून पाठवा, रोख नको.

ताब्यात घेतल्यावर

मालकी बदल दोघांनीही लगेच कळवायचा असतो. हे ऑनलाइन होतं. इथलं लायसन्स नसेल, तर पासपोर्ट घेऊन एए, व्हीटीएनझेड यांसारख्या ठिकाणच्या काउंटरवर एमआर१३बी फॉर्म भरा. विक्रेत्याचा फॉर्म एमआर१३ए. त्यानं त्याचा भाग केला याची खात्री करा, नाहीतर जुन्या दंडाच्या पावत्यांचा घोळ कुणाच्या तरी दारात जातो.

विमा सक्तीचा नाही, आणि अपघातात माणसांना झालेल्या इजेचा खर्च एसीसी ही सरकारी अपघात भरपाई संस्था उचलते. पण तुम्ही दुसऱ्याच्या महागड्या गाडीला धडकलात, तर ते बिल तुमचंच. किमान थर्ड पार्टी विमा गाडी घरी आणायच्या आधीच चालू झालेला असू द्या.

पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलून टाका, आधी काय भरलं होतं याची खात्री नसतेच. रिकॉल बाकी आहे का, ते फ्रेम नंबर टाकून त्या कंपनीच्या न्यूझीलंडमधल्या वेबसाइटवर बघा. टाकाटा एअरबॅगचा सक्तीचा रिकॉल २०१८ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्यात आयात झालेल्या जपानी गाड्याही होत्या. आणि एकच स्मार्ट की मिळाली असेल, तर दुसरी लगेच करून घ्या. एक चावी हातात असताना दुसरी करणं सोपं पडतं. एकुलती एक हरवली, तर गाडी टो करून न्यावी लागू शकते आणि कधी कधी तिचा कंट्रोल युनिटच बदलावा लागतो.